घोड्यासह मुक्कामाची सोय

प्रिय दादा,

काल दुपारी नूरी परत आली.

नांदुऱ्याच्या घोडेवाल्यानं तिला लग्नसराईसाठी नेलं होतं, पटली तर ठेवून घेतो या बोलीवर. काल तो पिकअप घेऊन शेतावर आला, तिला खाली उतरवलं, घोडीचा दोर वहिनीच्या हातात दिला आणि चहासुद्धा न घेता निघून गेला. जाताना जे बोलला, त्यावरून पुढचं सगळं निघालं. म्हणून आज दवाखान्यातल्या ड्यूटीच्या खोलीत बसून पाठकोऱ्या कागदांवर तुला लिहिते आहे.

तू गेल्यापासून मी तुझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. जलदानविधीला लोक तुझ्या फोटोपुढे उभे राहून भरभरून बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी नुसती मान हलवून खाली बसले. आता बोलायचं आहे. खरं तर भांडायचं आहे. आणि तू सगळं ऐकून घ्यायचं, कारण या खेपेला भांडण अर्ध्यावर सोडून घोड्यांना पाणी पाजायला जाता येणार नाही तुला!

तो बोर्ड लावलास तेव्हा अख्खं गाव हसलं होतं, आठवतं? जळगाव जामोदहून डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आपल्या शेताच्या बांधाला, पिवळ्या पत्र्यावर निळी अक्षरं: ‘घोड्यासह मुक्कामाची सोय’. हसणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते. तू म्हणालास, शेगावात माणसांसाठी गल्लीगल्लीत लॉज आहेत, मग घोडा घेऊन निघालेल्या माणसानं रात्री कुठं टेकायचं? मी विचारलं, निघतं कोण रे घोडा घेऊन? तू अगदी शांतपणे म्हणालास, “सोय झाली का निघतीन.”

आणि निघाले की! पौषात लग्नं नसतात, वरातीचे घोडे रिकामे असतात, हे तुझ्या बरोबर लक्षात होतं. पहिल्या पौषात मलकापूरचा एक म्हातारा आणि त्याची तितकीच म्हातारी घोडी, एवढेच पाहुणे आले. पुढच्या वर्षी बऱ्हाणपूरचे आले, अकोल्याचे आले, हौसेनं घोडे पाळणारे दोघं-तिघं वकील-डॉक्टरही आले. तुझ्या मंडप डेकोरेशनच्या धंद्यातले जुने लाल-पिवळे पडदे तू तंबूंसाठी काढलेस. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, शेतात लग्न लागलंय आणि नवरानवरी यायचेच राहिलेत.

घोड्यांचं मात्र तू काही कमी पडू दिलं नाहीस. पाण्याचा हौद जमिनीलगत, लोळायला नाल्यातली वाळू आणून टाकलेली, बांधायला कडुनिंबाची सावली, नर घोडे विहिरीच्या पलीकडे. ज्याच्या घोड्याची लीद त्यानंच उचलायची, मग तो वकील असो की डॉक्टर. माणसांसाठी संडास तू त्यानंतर दोन वर्षांनी बांधलास, तोही वहिनीनं स्वयंपाक बंद करण्याची धमकी दिली तेव्हा.

दादा, मला अजून त्या सकाळबद्दल नीट लिहिता येत नाही. पण लिहिते, कारण काल आणि आज मिळून ती सकाळ माझ्यासाठी तीनदा बदलली.

यंदाच्या मुक्कामाचा दुसरा दिवस होता. टेकडीवरच्या पठारावर जाऊन परत यायचं ठरलं. माझी चिनू माझ्यापुढे सरपंचावर बसली होती. सरपंच हे घोड्याचं नाव तूच ठेवलंस, कारण तो काम सोडून जिथं तिथं थांबतो. चढताना तो दोनदा दगडावरून घसरला आणि मी घाबरून ओरडले. पठारावर चहा झाला. उतरायची वेळ आली तेव्हा तू नूरीवर बसूनच जवळ आलास, हात पुढे केलेस आणि म्हणालास, “सरपंचाचा काई भरवसा नाई. पोरगी माह्याजवळ दे, नूरी सांभाळते.”

मी दिली. का नाही देणार? चौथीतली पोर, तिचा मामा, आणि जिल्ह्यात बँडपुढे सगळ्यांत गुणी म्हणून नाव काढलेली घोडी!

तुम्ही पुढे गेलात. सरपंच उतारावर एका बोरीपाशी थांबला, तो काही केल्या हलेना. मी त्याला शिव्या देत होते, हसत होते, मागून येणारे बऱ्हाणपूरचे दोघं मला उगाचच सल्ले देत होते. कसाबसा तो हलला. वळण ओलांडलं तर खाली नूरी उभी. वाटेच्या एका बाजूला नाल्याचा कडा, खाली नुसते खडक, आणि कड्यापासून हातभर अंतरावर ती चारी पाय रोवून उभी. तू चिनूच्या पाठीवर वाकलेला. मला वाटलं, तिला खाली काहीतरी दाखवतो आहेस.

मी हाक मारली, “दादा, काऊन थांबला रे?”

तू काही बोलला नाहीस. चिनूनं तोंडावर बोट ठेवून मला गप केलं आणि हळूच म्हणाली, “आई, मामा झोपला.”

बऱ्हाणपूरच्या दोघांनी तुला खाली घेतलं. पुढचं माझ्या हातांनी केलं, मी केलं असं म्हणवत नाही. दवाखान्यात किती अनोळखी छात्या दाबल्या असतील या हातांनी! त्या दगडांवर तुझी दाबत राहिले. कुणीतरी म्हणालं, ताई, राहू द्या. मी त्याच्या अंगावर खेकसले. शेवटी त्यांनी मला धरून बाजूला केलं. चिनू अजून नूरीवरच बसलेली होती आणि नूरी तशीच उभी होती.

त्यानंतर नूरी देव झाली, दादा. घोडीनं मेलेला धनी पाठीवर सांभाळला, पोर वाचवली, कड्यावर पाऊल टाकलं नाही, असं पंचक्रोशीत झालं. बाया नारळ घेऊन आल्या. तुला असलं काही चाललं नसतं, आपल्या घरात नवस नाही की अंगारा नाही. पण खरं सांगू? कुणी नसताना मीही तिच्या पुढच्या पायांवर डोकं टेकलं. माझी पोर जिवंत होती. एरवी मी सगळ्या गोष्टींना कारण मागणारी बाई, त्या दिवशी मी एकही कारण मागितलं नाही.

कारण काल मिळालं.

नांदुऱ्याचा माणूस वैतागलेला होता. म्हणाला, “ही घोडी वरातीच्या कामाची नाई राह्यली. बँड चालू, पोरं नाचून राह्यली, अन् नवरदेवानं मान खाली घातली का ही उभी. हलतच नाई. हिले कोनंतरी उलटं शिकवलं.”

मी त्याच्यावर तुटून पडले. माझ्या भावाची घोडी फटाक्यांच्या माळेवरून चालत गेलेली आहे, तुलाच हाताळता येत नसेल, असं काय काय बोलले. तो गेला. मी अजून फणफणतच होते. वहिनी हौदाच्या कठड्यावर बसली, नूरी पाणी पिते आहे ते बघत राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यायनंच शिकवलं, ताई.”

मग ती बोलत गेली.

दिवाळीच्या सुमारास तू अकोल्याला गेला होतास. मंडपाचं कापड आणायला, असं मला सांगितलंस. तू हृदयाच्या डॉक्टरकडे गेला होतास! दोन नळ्या तुंबलेल्या, लवकर येऊन उपचार करून घ्या, तोपर्यंत दगदग नको, घोड्यावर तर बसूच नका, असं त्यांनी सांगितलं. तू म्हणालास, पौषातला मुक्काम होऊ द्या, मग येतो. वहिनीला स्वतःची शपथ घातलीस. “ताईले सांगशीन तं ते मले पलंगाले बांधून ठेवते,” असं म्हणाला होतास म्हणे.

बांधलंच असतं! अगाडी-पिछाडी लावून बांधलं असतं, जशी तू घोडी बांधायचास तशी. घरात नर्स आहे रे! दिवसभर लोकांच्या छातीला ईसीजीच्या तारा लावते मी, आणि माझा भाऊ कापड आणायला अकोल्याला जातो?

पण मला हादरवलं ते पुढच्या गोष्टीनं. वहिनी म्हणाली, “डॉक्टरनं सांगतलं, कधी शुद्ध गेली तं घोड्यावरून पडसान. त्यायच्या डोक्यात तेवढंच बसलं. पडाचं भेव आहे, बस. मंग नूरीले शिकवाले लागले.”

मी तिला परत सांगायला लावलं. खरंच कळेना मला. डॉक्टर म्हणतो, बाबा रे, तुझं काळीज बंद पडेल. आणि तू त्यावर उपाय काय काढतोस? घोडीला थांबायला शिकवतोस! लगाम ढिला पडला, वरचा माणूस मानेवर वाकला, की जिथं असशील तिथं उभी राहा. वरातीत वाढलेल्या घोडीला हे शिकवायला किती दिवस गेले असतील, किती गूळ गेला असेल! तेवढ्या दिवसांत अकोल्याला जाऊन, झोपून, बरा होऊन परत आला असतास रे येड्या.

आणि हे करताना मी तुला पाहिलं होतं! मार्गशीर्षात एका रविवारी मी डबा घेऊन शेतावर आले, तर तू नूरीच्या मानेवर पालथा, हात दोन्हीकडे लोंबकळलेले. माझ्या हातातला डबा पडायचा राहिला. मी किंचाळले तसा तू उठून बसलास आणि दात काढलेस. म्हणालास, डुलकी लागली होती. मी तुला कामचोर म्हटलं आणि आपण पिठलं-भाकर खाल्ली. त्या दिवशी माझ्यापुढे बसून तू भाकर मोडत होतास, माझ्या नजरेला नजर देऊन बोलत होतास, आणि पोटात एवढं ठेवून होतास. कसं जमलं तुला?

काल शेतावरून घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं. तुला माहीत होतं. माहीत असून तू हात पुढे केलेस आणि माझी पोर मागितलीस. “नूरी सांभाळते” म्हणालास, “मी सांभाळतो” म्हणाला नाहीस! तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. तू हिशेब केला असशील की या जोतीच्या हातातल्या सरपंचापेक्षा आजारी मामाची नूरी बरी. हिशेब चुकला नाही, हे मी मान्य करते. सरपंच त्या उतारावर घसरला असता तर आम्ही दोघी त्या खडकांवर असतो. पण तो हिशेब करणारा तू कोण? तिची आई समोर उभी होती. मला विचारायचंस. मी सगळ्यांना पायी उतरवलं असतं, तुझ्यासकट.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला चार शिव्या देऊन हे पत्र आटोपलं असतं. पण आजची सकाळ व्हायची होती.

शाळेसाठी चिनूची वेणी घालत होते. तिनं विचारलं, त्या काकांनी नूरी परत का आणली? मी म्हटलं, वरचा माणूस वाकला की ती थांबते म्हणून. तर चिनू खूश झाली! म्हणाली, म्हणजे तिला अजून झोपायचा खेळ आठवतो.

कोणता खेळ, मी विचारलं. माझा आवाज मी अगदी साधा ठेवला.

तिनं सगळं सांगितलं. सुट्टीच्या दिवशी तू तिला शेतावर न्यायचास, तेव्हाचा खेळ. ती पुढे, तू मागे. तू तिच्या पाठीवर झोपायचं सोंग करायचं, नूरीनं थांबायचं, आणि चिनूनं न हलता गप्प बसायचं. ती हलली किंवा बोलली तर नूरी गोंधळते आणि पाऊल टाकते. नूरी आपोआप शिकली पाहिजे, म्हणून पोरीनं चिडीचूप राहायचं. न हलता बसली तर ती जिंकली.

दादा, मी वेणीचा पुढचा पेड घातला. मग विचारू नये ते विचारलं. म्हटलं, “त्या दिवशी, डोंगरावर?”

“त्या दिवशी मामा लय वेळ झोपला. जडही झाला होता. पण मी हाललीच नाही. मनातल्या मनात पाढे म्हटले.”

“कुठपर्यंत?”

“बेपासून सुरू केले. बाराच्या पाढ्यात होती तं तू आली.” मग तिनं मान मागे करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “मी जिंकली ना, आई?”

मी हो म्हणाले.

तिला शाळेत सोडलं आणि ड्यूटीवर आले. इथं या खुर्चीत बसून मी ते पाढे मनात म्हणून पाहिले. चिनू म्हणते तसे सावकाश, सातच्या पाढ्यात ती अडखळते तिथं अडखळून. समोर भिंतीवर घड्याळ आहे. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही. त्या वळणाच्या वर, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, मी सरपंचाशी हुज्जत घालत हसत होते. माझे हात रिकामे होते, दादा. एक हाक आली असती तर मी उडी टाकून धावले असते.

तू घोडीला शिकवलंस. पोरीला शिकवलंस. कोण कसं उभं राहील, कोण कसं बसेल, सगळं घोटून घेतलंस. आणि हाक मारायला कुणालाच शिकवलं नाहीस? एवढं कसं सुचलं नाही रे तुला? पडायचं नाही, एवढंच बघितलंस. वाचायचं आहे, हे मनातच आलं नाही का तुझ्या? की तुला वाटलं, पोरीला हाक मारायला शिकवलं तर ती विचारेल, मामा, कशासाठी?

बहुतेक तेच असेल. तुला तिला घाबरवायचं नव्हतं. मला तुझा भयंकर राग आला आहे, आणि तरी तुझा स्वभाव माहीत असल्यामुळे मला हेही दिसतं. तुझ्यावर धड चिडूही देत नाहीस तू!

वहिनीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. शपथ पाळली म्हणून ती आधीच अर्धी झाली आहे. काल विचारत होती, नूरीचं काय करायचं. मी सांगितलं, नूरी कुठं जाणार नाही. पौषात पाहुणे आले तर येऊ देत. पण डोंगरावर निघण्याआधी प्रत्येकानं माझ्यासमोर बसून रक्तदाब मोजून घ्यायचा, आणि पोरांनी सगळ्या वाटेनं आरडाओरडा करत जायचं. घोडे गोंधळले तर गोंधळू देत.

चिनू पुन्हा नूरीवर बसायचं म्हणते आहे. मी नाही म्हणणार नाही. मी लगाम धरून पायी चालेन.

आता एक वचन, आणि हे मी फक्त तुला देते आहे. चिनू मोठी होणार. हुशार आहे, माझ्यावर गेली आहे. कधीतरी शाळेत, कॉलेजात, कुठंतरी कुणीतरी तिला सांगणार की अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं. मग ती एक दिवस हातातलं काम टाकून माझ्याकडे येईल आणि विचारेल, आई, मी तेव्हाच हाक मारली असती तर?

त्या दिवशी मी डोळ्यांची पापणी न हलवता सांगेन की काही उपयोग झाला नसता. तुझा मामा त्याच क्षणी गेला होता. आई म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते, असं म्हणेन. उभ्या नोकरीत मी एका नातेवाइकाशीही खोटं बोललेली नाही, तुला माहीत आहे. तिच्याशी बोलेन. ती जितक्यांदा विचारेल तितक्यांदा बोलेन, आणि मरेपर्यंत बोलेन.

तूही गप्प राहा.

तुझी,
जोती